बद्द की खणखणीत

उन्हाळा तोंडावर आला की सोलापुरात आमची आजी नवा माठ घ्यायला निघायची आणि मला बरोबर न्यायची. कुंभाराने रांगेने मांडून ठेवलेल्या माठांकडे ती आधी नुसती बघत राही, मग त्यांतला एक उचलून मांडीवर घेई, कान जवळ नेई आणि बोट वाकवून त्याच्या पोटावर दोन-तीनदा वाजवून पाही. "हा बद्द वाजतोय, ठेव बाजूला," असे ती म्हणाली की कुंभारही हुज्जत घालत नसे. मला त्या माठात काहीच वावगे दिसत नसे. रंग तोच, घाट तोच, तोंडही शेजारच्या माठासारखेच गोल. पण त्याच्या अंगात कुठेतरी केसाएवढी चीर असे आणि डोळ्यांना न सापडलेली ती चीर कानाला सापडे. खणखणीत वाजणारा माठ घरी येऊन तिवईवर बसला की त्याच्याबद्दलचा एकच नियम आजी पुन्हा पुन्हा बजावी: उष्टा हात माठाला लावायचा नाही, पाणी घ्यायचे ते ओगराळ्याने.

त्याच घरात ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे मी एका वेगळ्या आवाजाने जागी झाले. अनंत चतुर्दशीचे विसर्जन आटोपून आम्ही उशिरा झोपलो होतो आणि चार वाजायला काही मिनिटे असताना मांडणीवरची पितळी भांडी एकमेकांवर आपटून वाजू लागली. आमच्या घराला काही झाले नाही. किल्लारीत आणि आसपासच्या गावांत मात्र दगडमातीच्या जाड भिंतींखाली हजारो माणसे झोपेतच गेली, हे दिवस वर येईल तसतसे कळत गेले. पुढे भूगोल शिकवू लागल्यावर मला समजले की ज्या हादऱ्याने आमची भांडी वाजली, तोच हादरा क्षीण होत होत पृथ्वीच्या पोटातून पार गेला होता आणि जगाच्या पलीकडच्या टोकाला असलेल्या भूकंपमापकांनीही तो टिपला होता. ज्याने घरे पाडली त्यानेच वाटेत भेटलेल्या खडकांची खबरही पोहोचवली, या दोन्ही गोष्टी एकाच वेळी मनात बाळगणे मला आजही जड जाते; पण पृथ्वीच्या आत काय आहे याची जवळजवळ सगळी माहिती आपल्याला अशाच वाटेने मिळालेली आहे.

आठवीच्या वर्गात मी पृथ्वीचे अंतरंग शिकवते तेव्हा फळ्यावर कापलेल्या फळासारखी पृथ्वी काढते: वर भूकवच, त्याखाली प्रावरण, मग द्रवरूप बाह्यगाभा आणि मधोमध घन अंतर्गाभा. एका वर्षी मागच्या बाकावरून प्रश्न आला, "बाई, हे आत जाऊन कुणी बघितलंय का?" कुणीही बघितलेले नाही, हे मी तिला सांगितले आणि त्या दिवशीचा उरलेला तास त्या एका उत्तरातच गेला. रशियाच्या कोला द्वीपकल्पावर माणसाने १९८९ पर्यंत १२,२६२ मीटर खोल छिद्र पाडले आणि तिथे थांबला. पृथ्वीची त्रिज्या ६,३७१ किलोमीटर आहे. वहीत दहा सेंटिमीटर त्रिज्येचे वर्तुळ काढले तर हे छिद्र ०.२ मिलिमीटर भरते, म्हणजे टोकदार पेन्सिलीच्या रेघेत ते बुडून जाते. आपल्या कोयनेच्या परिसरात, गोठणे या गावी, भूकंपांचा उगम जवळून अभ्यासता यावा म्हणून तीन किलोमीटरचे छिद्र पाडले गेले आहे. तिथे काळ्या पाषाणाचे थरावर थर सुमारे सव्वा किलोमीटर जाडीचे निघाले आणि त्यांच्याखाली थेट ग्रॅनाइट लागला. ज्या दगडावर आपले सगळे किल्ले उभे आहेत त्याचा तळ एका ठिकाणी तरी माणसाच्या हाताला लागला, याचे मला फार अप्रूप वाटते. पण प्रावरण तिथूनही कितीतरी खाली आहे.

म्हणून वाजवून पाहायचे. फरक इतकाच, की पृथ्वीला टकटक करायला आपले बोट पुरत नाही. ते काम भूकंप करतात आणि आपण फक्त कान लावून बसतो. या ऐकण्याची सुरुवात भारताच्या मातीशी जोडलेली आहे. १२ जून १८९७ रोजी शिलाँगच्या पठारावर आणि आसामात महाभयंकर भूकंप झाला. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणात काम करणाऱ्या रिचर्ड डिक्सन ओल्डहॅम यांनी त्या विध्वंसाची गावोगाव पाहणी केली आणि त्याचबरोबर युरोपातल्या उपकरणांवर उमटलेल्या त्याच भूकंपाच्या रेघाही मागवून तपासल्या. त्यांना त्या रेघांत तीन वेगवेगळे हिसके ओळखू आले: आधी पोहोचणाऱ्या प्राथमिक लहरी, त्यांच्या मागून येणाऱ्या दुय्यम लहरी आणि सर्वांत शेवटी, जमिनीच्या पाठीवरून सरपटत येणाऱ्या पृष्ठीय लहरी. पुढे अनेक भूकंपांच्या नोंदी ताडून पाहताना त्यांच्या ध्यानात आले, की फार लांबच्या केंद्रांवर लहरी अपेक्षेपेक्षा उशिरा पोहोचतात, जणू वाटेत मधोमध काहीतरी वेगळे लागते. १९०६ साली त्यांनी मांडले की पृथ्वीला वेगळ्या पदार्थाचा गाभा आहे. त्यांच्या हातात पुरावा होता तो केवळ काही मिनिटांच्या उशिराचा.

त्यानंतर तीस वर्षांनी डेन्मार्कच्या इंगे लेमान यांनी जे केले ते मला त्याहूनही थक्क करणारे वाटते. १९२९ साली न्यूझीलंडमध्ये मोठा भूकंप झाला होता. गाभा द्रवरूप असल्यामुळे पृथ्वीच्या ज्या पट्ट्यात प्राथमिक लहरी थेट पोहोचू नयेत, त्या छायाप्रदेशातल्या काही केंद्रांवर अगदी पुसट का होईना, पण लहरी उमटल्या होत्या. उपकरणाचा दोष म्हणून त्या सोडून देणे सोपे होते. लेमान यांनी त्या सोडल्या नाहीत. संगणक नव्हता, त्यांच्या नातलगाने सांगितलेली आठवण अशी, की त्या बागेत मोठे टेबल मांडून बसत आणि ओटच्या पुठ्ठ्याच्या रिकाम्या डब्यांत भूकंपांची कार्डे लावून ठेवत, एकेका कार्डावर वेळ आणि वेग लिहिलेला. स्वयंपाकघरातल्या त्या डब्यांतून १९३६ साली पृथ्वीचा अंतर्गाभा बाहेर आला. लेमान १०४ वर्षे जगल्या. वर्गात त्यांचे नाव घेताना माझा आवाज नकळत थोडा वर जातो आणि तो जाऊ द्यावा असेच मला वाटते.

क्वचित मात्र पोटातले आपणहून ओठावर येते. प्रावरणाचा थोडा भाग वितळतो, वाट काढत वर येतो आणि थंड होऊन काळा पाषाण, म्हणजे बेसॉल्ट होतो. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी दख्खनवर असा रस पुन्हा पुन्हा पसरला. माझ्या टेबलावर त्याचा मुठीएवढा एक तुकडा आहे. रस्त्यासाठी फोडलेल्या कातळातून तो मी उचलून आणला. बाहेरून तो अगदी साधा, काळसर आणि खरबरीत आहे. पण फुटलेल्या बाजूला बोराएवढी एक पोकळी आहे आणि तिच्या आत पांढऱ्या, सुयांसारख्या स्फटिकांचे दाट गवत उगवल्यासारखे दिसते. लाव्हारसात अडकलेल्या वायूचा तो बुडबुडा होता. नंतर झिरपलेल्या पाण्याने त्यात हे झिओलाइट घडवले. अशी पोकळी हाताळताना मला नेहमी वाटते, की ज्या रसात हा बुडबुडा फुगला तो रस कधीकाळी आपल्या पायांखाली कितीतरी किलोमीटर खोल होता.

आणि हा पाषाण केवळ आपला नाही. पौर्णिमेच्या चंद्रावर आपल्याला जो ससा दिसतो त्याचे काळे डाग बेसॉल्टचे आहेत. शुक्रावर उतरलेल्या सोव्हिएत व्हेनेरा यानांनी तिथले खडक तपासले तेव्हा तेही याच घराण्यातले निघाले. त्यांतले व्हेनेरा १३ हे यान १९८२ साली त्या भट्टीत १२७ मिनिटे तग धरून होते. मंगळावरचा बेसॉल्ट तर चालत आपल्या दारी आला आहे. २५ ऑगस्ट १८६५ रोजी बिहारमधल्या शेरघाटी इथे आकाशातून एक दगड पडला, साधारण पाच किलो वजनाचा. एक शतकाहून अधिक काळ लोटल्यावर उमगले की तो मंगळाचा आहे. आज जगात कुठेही तशा जातीची मंगळाची अशनी सापडली तर तिला शेरगोटाइट म्हणतात, त्या बिहारी गावाच्या नावावरून. त्या दगडात आघाताच्या दाबाने काचेसारखे झालेले मास्केलिनाइट नावाचे द्रव्य प्रथम ओळखले गेले आणि तेच द्रव्य पुढे आपल्या लोणारच्या विवरात, आघात सोसलेल्या काळ्या पाषाणातही सापडले. लोणारच्या काठावर उभे राहून चंद्र आणि मंगळ समजून घेण्याचा प्रयत्न शास्त्रज्ञ करतात तो उगाच नव्हे. बेसॉल्टमध्ये झालेले आणि इतके नीट टिकलेले आघातविवर पृथ्वीवर फार दुर्मीळ आहे.

चंद्राला वाजवून पाहण्याचे काम अपोलोच्या अंतराळवीरांनी केले, आणि तेही अक्षरशः. नोव्हेंबर १९६९ मध्ये अपोलो १२ चे वीर मुख्य यानात परतल्यावर त्यांचे रिकामे चांद्रयान मुद्दाम चंद्रावर आदळवले गेले. त्यांनीच ठेवलेल्या भूकंपमापकावर तो हादरा जवळजवळ तासभर घुमत राहिला. पृथ्वीवर असा हादरा काही मिनिटांत विरतो, कारण आपल्या खडकांत पाणी आहे आणि ते कंप शोषून घेते. चंद्राचे वरचे कवच कोरडे ठणठणीत आणि आघातांनी पिंजलेले असल्यामुळे कंप त्यात नुसता इकडून तिकडे परावर्तित होत राहतो. आजीच्या भाषेत चंद्र खणखणीत निघाला. ३० सप्टेंबर १९७७ रोजी चंद्रावरची ती उपकरणे पैशांअभावी बंद केली गेली, आणि हे वाचताना मला अजून वाईट वाटते, कारण उपकरणे चालू होती आणि चंद्रही बोलत होता. पण नोंदी राहिल्या. २०११ साली रेनी वेबर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्या जुन्या नोंदी नव्या पद्धतीने चाळल्या, तेव्हा त्या गोंगाटाखाली चंद्राच्या गाभ्यावरून परतलेले मंद पडसाद ऐकू आले: सुमारे ३३० किलोमीटर त्रिज्येचा गाभा, बाहेरून द्रव आणि आतून घन. आपल्या चांद्रयान ३ च्या विक्रमनेही ऑगस्ट २०२३ मध्ये दक्षिण ध्रुवाकडच्या भूमीवर भूकंपमापक टेकवला होता, आणि प्रज्ञानने तपासलेल्या मातीतून, चंद्र जन्माला आला तेव्हा वितळलेल्या खडकाचा समुद्र त्याला वेढून होता, या कल्पनेला बळ मिळाले.

मंगळाच्या बाबतीत मात्र माणसाला फार थांबावे लागले. १९७६ साली दोन व्हायकिंग यानांनी भूकंपमापक नेले होते. एकाचा अडसर सुटलाच नाही आणि दुसरा यानाच्या पाठीवर बसवलेला असल्यामुळे त्याने बहुतेक वाराच ऐकला. गजबजलेल्या बाजारात माठ वाजवून काय उपयोग? बेचाळीस वर्षांनी, २६ नोव्हेंबर २०१८ रोजी, इनसाइट यान मंगळावरच्या एका सपाट, कंटाळवाण्या मैदानावर उतरले आणि ती जागा कंटाळवाणी म्हणूनच निवडलेली होती. यानाने यांत्रिक हाताने भूकंपमापक उचलून थेट जमिनीवर ठेवला आणि वाऱ्यापासून आडोसा म्हणून त्यावर घुमटासारखे झाकण घातले. त्याच यानाला आतली उष्णता मोजण्यासाठी पाच मीटर खोल जाणारी एक शलाकाही दिलेली होती, पण मंगळाच्या मातीने तिला धर दिला नाही आणि दोन वर्षे धडपडून ती पृष्ठभागाशीच राहिली. खणणे फसले आणि ऐकणे साधले. चार वर्षांत तेराशेहून अधिक कंप नोंदले गेले आणि त्यांतला सर्वांत मोठा, ४.७ तीव्रतेचा, ४ मे २०२२ रोजी आला.

तोवर सौर पट्ट्यांवर धुळीचा थर बसत चालला होता आणि वीज दिवसेंदिवस घटत होती. उरलेली वीज जपून वापरली असती तर यान आणखी थोडे जगले असते. पण संशोधकांनी इतर उपकरणे बंद करून शेवटपर्यंत भूकंपमापकच चालू ठेवायचे ठरवले. डिसेंबर २०२२ मध्ये यान मुके झाले. ते काय सांगून गेले हे अजून उलगडतेच आहे. २०२१ साली मंगळाच्या गाभ्याची त्रिज्या सुमारे १,८३० किलोमीटर काढली गेली होती. दोन वर्षांनी, मंगळाच्या लांबच्या बाजूला झालेल्या एका उल्कापाताच्या लहरी तपासल्यावर, गाभ्याभोवती वितळलेल्या खडकाचा एक थर असावा आणि खरा गाभा त्याहून लहान असावा, असे दोन गटांनी दाखवून दिले. आणि २०२५ मध्ये चिनी संशोधकांनी त्या गाभ्याच्या आत सुमारे ६०० किलोमीटर त्रिज्येचा घन अंतर्गाभा असल्याचे मांडले. यान कधीचे बंद पडले आहे आणि तरी त्याच्या नोंदींमधून ग्रहाचे चित्र बदलत आहे, हे लेमान यांच्या डब्यांतल्या कार्डांसारखेच आहे.

जिथे कान टेकवता येत नाही तिथे फिरणे पाहावे लागते. वर्गात मी दोन अंडी नेते, एक उकडलेले आणि एक कच्चे, आणि टेबलावर दोन्ही फिरवते. उकडलेले भोवऱ्यासारखे स्थिर गरगरते. कच्चे डगमगते, कारण टरफल फिरते तरी आतला द्रव त्याच्याबरोबर लगेच वळत नाही. २००७ साली ज्याँ-ल्यूक मार्गो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बुधाच्या बाबतीत हेच केले. पृथ्वीवरून रडारच्या लहरी बुधावर सोडल्या, परतलेल्या लहरींवरून त्याच्या फिरण्यातली अगदी बारीक डुगडुग मोजली, आणि ती संपूर्ण घन गोळ्याच्या मानाने दुप्पट निघाली. बुधाचे टरफल आतल्या द्रवावर सैल बसलेले आहे. त्या २,४४० किलोमीटर त्रिज्येच्या ग्रहात गाभाच सुमारे दोन हजार किलोमीटरचा आहे. बाकीचे सगळे म्हणजे त्यावरची साल.

पण मला स्वतःला सर्वांत जास्त ओढ आहे ती गुरू आणि शनी यांच्या बर्फाळ चंद्रांची, आणि त्याचे कारण उष्णतेचा एक साधा हिशेब आहे. पातेलेभर वरण तासभर गरम राहते आणि वाटीत वाढलेले लगेच निवते. त्याच न्यायाने मोठे ग्रह आतून गरम राहावेत आणि लहानसे चंद्र कधीच निवून दगड व्हायला हवेत. १९७९ पर्यंत बहुतेकांची समजूत अशीच होती. त्या वर्षी २ मार्चला पील, कॅसन आणि रेनल्ड्स या तिघांचा एक छोटा लेख प्रसिद्ध झाला. गुरूचा चंद्र आयो दोन फेऱ्या करतो तेवढ्यात युरोपा या गुरूच्याच दुसऱ्या चंद्राची एक होते, आणि युरोपाच्या दोन फेऱ्यांत गॅनिमीड या तिसऱ्याची एक. या ठेक्यामुळे आयोची कक्षा पुरती गोल होऊ शकत नाही, तो गुरूच्या कधी जवळ तर कधी लांब जातो आणि प्रत्येक फेरीत त्याचे अंग दाबले आणि सैल सोडले जाते. तार पुन्हा पुन्हा वाकवली की वाकते तिथे तापते, तसा तो आतून तापत असणार आणि बहुधा वितळलेला असणार, असे त्यांनी लिहिले. तीनच दिवसांनी व्हॉयेजर १ आयोजवळून गेले. ८ मार्चच्या एका छायाचित्रात, यानाची दिशा तपासण्याचे काम करणाऱ्या लिंडा मोराबितो यांना आयोच्या कडेवर छत्रीसारखा एक फवारा दिसला. तो जिवंत ज्वालामुखीचा होता. भाकीत आणि दर्शन यांच्यात एका आठवड्याचेही अंतर नसावे, असे विज्ञानात फार क्वचित घडते.

युरोपाच्या बर्फाखाली पाणी आहे हे कळले ते चुंबकीय नोंदींवरून. गुरूचा चुंबकीय अक्ष त्याच्या फिरण्याच्या अक्षाशी सुमारे दहा अंशांनी कललेला आहे, त्यामुळे युरोपाच्या जागी चुंबकीय क्षेत्र दर अकरा तासांच्या सुमारास झुलत राहते. झुलत्या क्षेत्रात विद्युतवाहक ठेवला की त्यात प्रवाह उमटतो आणि त्याचे स्वतःचे विरुद्ध क्षेत्र तयार होते. थिजलेला बर्फ वीज वाहत नाही, खारे पाणी वाहते. गॅलिलिओ यानाच्या नोंदींत क्रिशन खुराणा, मार्गारेट किव्हेल्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांना हे विरुद्ध क्षेत्र दिसले, आणि जानेवारी २००० मध्ये, गुरूचे क्षेत्र उलट दिशेला कललेले असण्याची वेळ साधून यान पुन्हा जवळून नेले तेव्हा युरोपाचे क्षेत्रही उलटलेले सापडले. इतक्या दूरचे खारे पाणी ज्याने ओळखले त्या चुंबकमापकाचे मोठे भाऊबंद आपल्या अलिबागला आहेत. कुलाब्याच्या वेधशाळेत एकोणिसाव्या शतकापासून पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या नोंदी होत होत्या. मुंबईत विजेच्या ट्रामगाड्या येणार असे ठरले तेव्हा त्यांच्या प्रवाहाने नोंदी बिघडतील म्हणून नानाभाई मूस यांच्या कारकिर्दीत, १९०४ साली, खाडीपलीकडे अलिबागला नवी वेधशाळा उभी राहिली. शनीकडे गेलेल्या कॅसिनी यानाने आपला चुंबकमापक अकरा मीटर लांब दांड्यावर धरला होता, तोही याच कारणासाठी: यानाच्या स्वतःच्या विजेचा कोलाहल त्याच्या कानी पडू नये.

त्या दांड्यावरच्या उपकरणानेच २००५ च्या आरंभी एन्सेलॅडसजवळ काहीतरी वेगळे असल्याचे सुचवले. एन्सेलॅडस हा जेमतेम ५०० किलोमीटर व्यासाचा शनीचा चंद्र. तो उचलून ठेवला तर मुंबई आणि नागपूर यांच्यामध्ये मावेल. त्याच्याभोवती शनीचे चुंबकीय क्षेत्र किंचित वाकत होते, जणू तिथे हवा असावी. चुंबकमापकाच्या प्रमुख मिशेल डॉहर्टी यांनी पुढच्या फेरीत यान आणखी जवळून न्यावे असा आग्रह धरला, तो मान्य झाला, आणि जुलैमध्ये दक्षिण ध्रुवावरच्या चार लांब भेगांतून पाण्याची वाफ आणि बर्फाचे कण उसळताना सापडले. नंतरच्या वर्षांत त्या कणांत मीठ मिळाले. गरम पाण्याचा आणि खडकाचा संबंध आल्याशिवाय घडणार नाहीत असे वाळूहून कितीतरी सूक्ष्म सिलिकाचे कण मिळाले. २०२३ साली फॉस्फेटही मिळाले. हे पाणी ध्रुवाखालच्या एखाद्या डबक्याचे की सगळीकडे पसरलेल्या समुद्राचे, हा प्रश्न मात्र बुधाच्याच रीतीने सुटला. संशोधकांनी वर्षानुवर्षांच्या छायाचित्रांतून विवरांच्या हजारो खुणा जुळवल्या, चंद्राच्या फिरण्यातली डुगडुग ०.१२ अंश भरली, आणि बर्फाचे कवच आतल्या दगडाला चिकटलेले असते तर ती इतकी भरली नसती. २०१५ साली हे नक्की झाले: एन्सेलॅडसचे बर्फाचे कवच सगळीकडून पाण्यावर तरंगते आहे.

एन्सेलॅडसने निदान फवारे उडवून सांगितले तरी. त्याच्या शेजारचा मिमास काहीच सांगत नव्हता. जेमतेम ४०० किलोमीटरचा, विवरांनी खिळखिळा झालेला, एका बाजूला प्रचंड मोठे विवर, कुठे भेग नाही, कुठे नवा बर्फ नाही. शनीच्या कुटुंबातला सर्वांत निर्जीव चेहरा म्हणून आम्ही सगळे त्याच्याकडे पाहत आलो. पण त्याचीही डुगडुग अपेक्षेहून जास्त भरली. काहींचे म्हणणे पडले की आत लांबट दगडी गाभा असेल. २०२४ साली व्हॅलेरी लॅनी आणि सहकाऱ्यांनी कॅसिनीच्या नोंदींवरून त्याच्या कक्षेचे सरकणे मोजले तेव्हा लांबट गाभ्याचा हिशेब जुळेना, समुद्राचा जुळला: वीस ते तीस किलोमीटर बर्फाखाली पाणी, आणि तेही भूवैज्ञानिक मापाने कालपरवाचे, पंचवीस दशलक्ष वर्षांहून तरुण. हा समुद्र इतका नवा आहे की त्याची खूण वरपर्यंत यायलाही अजून सवड मिळालेली नाही. हे वाचले त्या दिवशी मी कितीतरी वेळ मिमासचे जुने छायाचित्र समोर ठेवून बसले होते. चेहरा तोच होता, आणि माझ्या नजरेला आजही त्यात काही सापडत नाही.

कॅसिनीचे इंधन २०१७ मध्ये संपत आले. त्याला तसेच सोडले असते तर ते कधीकाळी एन्सेलॅडसवर किंवा टायटन या शनीच्या दुसऱ्या चंद्रावर आदळण्याची शक्यता होती, आणि इथून जाताना त्याच्या अंगावर गेलेले सूक्ष्मजीव इतक्या वर्षांनंतरही कुठे तगून राहिले नसतील अशी हमी कुणी देऊ शकत नव्हते. ज्या पाण्याचा शोध त्याने स्वतः लावला होता, त्याच पाण्याला आपला उष्टा हात लागू नये म्हणून यानाला शनीच्या वातावरणात जाळून टाकायचे ठरले. १५ सप्टेंबरच्या संध्याकाळी साडेपाच वाजायच्या बेतात मी थेट प्रक्षेपण लावून बसले होते. शनीहून संदेश यायला तेव्हा ८३ मिनिटे लागत होती, म्हणजे पडद्यावर त्या यानाच्या संदेशाची उभी रेघ आम्ही पाहत होतो तेव्हा ते कधीच जळून गेलेले होते. वातावरणात शिरल्यावर ते कलंडू लागले, तरी अँटेना पृथ्वीकडे राहावा म्हणून त्याचे छोटे धक्कायंत्र पूर्ण जोराने चालू होते, आणि शनीच्या हवेचे मोजमाप ते त्या क्षणापर्यंत पाठवत होते. मग रेघ एकदा खाली गेली, पुन्हा जरा वर आली, आणि नाहीशी झाली.